मादीनच्या दारावरून

मी रागीट आहे, हे मला कुणी नव्याने सांगायची गरज नाही. साठी उलटली तरी नवरा म्हणतो, तुझ्या नाकावर राग नुसता बसत नाही, बिऱ्हाड करून राहतो. असू दे. माझे बहुतेक राग संध्याकाळपर्यंत विझतात. एक राग मात्र मी नऊ महिने जिवापाड सांभाळला, आणि तो चुकीच्या माणसावर होता. ही गोष्ट मी कुणाला धड सांगितलेली नाही. ती सांगायची तर आईबद्दल बोलावं लागतं.

मालवणपासून एसटीने अर्ध्या तासावर, समुद्राच्या कडेला आमची ख्रिस्तांवांची वाडी. वीस-बावीस घरं, मध्ये चुना काढलेला खुरीस, म्हणजे क्रूस, आणि घराघरांमध्ये चिऱ्यांचे गडगे. वडील मी सहा वर्षांची असताना गेले. आई शिवणकाम करायची. वाडीतल्या प्रत्येक मुलीचा पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक तिच्याच मशीनखालून गेलेला. गडग्यापलीकडे माझी मादीन राहायची. बाप्तिस्म्याच्या वेळी मूल जिच्या हातात देतात आणि जी त्याच्या वतीने देवाला शब्द देते, ती मादीन. तिचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने दर्यावर. मूलबाळ नाही. वळसा पडू नये म्हणून वडिलांनी मधल्या गडग्याचे चार चिरे काढून ठेवले होते, आणि त्या फटीतून मी दिवसातून दहादा इकडची तिकडे व्हायचे.

लग्नाआधी नवरीला नारळाचं दूध लावून न्हाऊ घालतात, त्याला आम्ही रोस म्हणतो. त्यात मादीनचा मान मोठा. मादीनने माझ्या रोसासाठी परसातला एक माड केव्हाच राखून ठेवला होता. त्याचे नारळ ती विकायची नाही, मागच्या पडवीत रचून ठेवायची. जुने झाले की आमटीत घालायची आणि नवे रचायची. मी चिडवायचे, की मला आंघोळ घालायचीय की बुडवायचीय?

तेरा वर्षांची असताना विहिरीवर मला पहिली फिट आली. कळशी हातातून सुटली एवढं आठवतं, आणि त्यानंतर मादीनची मांडी. तिने मला कुशीवर वळवून धरलं होतं. कुणीतरी मला हुंगवायला चप्पल आणली होती, ती तिने भिरकावून दिली. जमलेल्या बायकांना तिने सांगितलं की पोर उपाशी उन्हात आली, चक्कर येऊन पडली. इतकी सरळ बाई, पण माझ्यासाठी ती त्या दिवशी बिनदिक्कत खोटं बोलली. नंतर पाद्रींकडे जाऊन कुमसारात तिने ते कबूलही केलं असेल. मी मात्र ती गोष्ट पुढे साफ विसरले.

सावंतवाडीच्या एका डॉक्टरच्या गोळ्यांनी फिट आटोक्यात आली. गोळ्या महिन्याच्या महिन्याला आणाव्या लागत. आईला एसटीत मळमळायचं, म्हणून तो फेरा मादीनच करायची. बाविसाव्या वर्षी मला स्थळ आलं तेव्हा तीन वर्षांत एकही फिट आली नव्हती. मुलगा सावंतवाडीचा, गल्फमध्ये कामाला. चर्चच्या आवारात आम्हांला दहा मिनिटं बोलू दिलं. तो घामाने निथळत होता, आणि काय बोलावं ते न सुचून त्याने मला विचारलं की तुम्हांला पोहता येतं का. मला हसू आवरेना. तोही हसला. तिथेच मला तो आवडला, उगाच लाजायचं कशाला.

मादीनचं म्हणणं होतं, आजाराचं आधीच सांगून टाकावं. मी भडकले. तीन वर्षांत जे झालंच नाही, ते सांगायचं कशाला? मी आई आणि मादीन दोघींना घरातल्या वेदीपुढे उभं केलं आणि क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की हे कुणाला सांगणार नाही. मादीनने हात ठेवायला बराच वेळ लावला. आईने लगेच ठेवला.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात. कुणाला काही हरकत ठाऊक असेल तर पुढे यावं, म्हणून. जानेवारीत माझी पहिली पुकार झाली. दुसरीच्या आधीच्या शुक्रवारी आई सावंतवाडीला लेस आणायला गेली. माझ्या लग्नाचा झगा तीच शिवत होती, आणि मालवणच्या दुकानातली लेस तिच्या पसंतीला उतरली नव्हती. सोबतीला मादीन गेली. दोघी संध्याकाळी परतल्या. लेस सुरेख होती.

दुसरी पुकार झाली, आणि मंगळवारी मुलाचे काका आले. बाकड्यावर नुसते टेकले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की तिसरी पुकार होणार नाही, पाद्रींना कळवलंय. पोरीला फिट येते हे तुमच्या घरच्याच माणसाने सांगितलं म्हणून कळलं, असंही म्हणाले. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते उंबऱ्याबाहेर पडले तसा माझ्या डोक्यात लख्ख हिशेब झाला. आजाराचं ठाऊक होतं दोघींना. सांगावं म्हणणारी होती मादीन. शपथेला कचरली ती मादीन, आणि शुक्रवारी सावंतवाडीलाही गेली होती मादीन. आई दुकानात लेस निवडत असताना बाईसाहेब हळूच त्यांच्या घरी जाऊन आल्या. मी आईला हे सगळं बोलून दाखवलं. आई मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

मी गडग्यातून पलीकडे गेले. मादीन परसात बांगडे साफ करत बसली होती. मी उभ्याउभ्याच विचारलं.

"तूच सांगलंस मा तेंका?"

तिने मान वर केली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मागे गडग्याच्या फटीत आई येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, माझ्या डोळ्याला डोळा द्यायची हिला लाज वाटतेय. मग तिने बांगडा हातातून खाली ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "मियां सांगलंय."

मी तिला काय काय बोलले ते लिहायची मला आजही लाज वाटते. वांझ म्हणाले, एवढं लिहिते. त्याच दुपारी मी करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि गडग्यातली वाट बंद केली. आईने दारातून पाहिलं आणि आत गेली.

त्यानंतर मी काय केलं असेल तर राग केला. पूर्ण वेळाची नोकरी असावी तसा केला. बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी जिने मला हातांत धरलं, तिनेच मला दगा दिला, हे मनात घोळवत मी उठायचे आणि झोपायचे. चर्चमध्ये ती आमच्या मागच्या बाकावर बसायची. मिस्साच्या वेळी पाद्री म्हणायचे की एकमेकांना शांती द्या, सगळे वळून हात जोडायचे, आणि मी समोर वेदीकडे बघत ताठ उभी राहायचे. रोज संध्याकाळी आई आणि मी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचो. एका तेर्सात 'कृपा' हा शब्द त्रेपन्न वेळा तोंडून जातो. मी त्रेपन्न वेळा म्हणायचे आणि मनात मादीनचं वाटोळं चिंतायचे. आई त्या दिवसांत अगदी अबोल झाली. पोरीचं लग्न मोडलं म्हणून खंतावलीय, असं मला वाटायचं. अर्धा शिवलेला झगा तिने उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. माझ्या गोळ्या दर महिन्याला फळीवर येत राहिल्या. त्या आता कोण आणतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

ऑक्टोबर हा आमचा तेर्साचा महिना. त्या महिन्यात सायबीण, म्हणजे मरियेची मूर्ती, वाडीतल्या घराघरांतून फिरते. एक दिवस एका घरी राहते, दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळी वाडी गाणी म्हणत तिला शेजारच्या घरी पोचवते. त्या घरी लादाईन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते आणि उकडलेले चणे वाटतात. मूर्ती काचेच्या पेटीत असते, आणि दोन घरांच्या मध्ये ती पेटी जमिनीला टेकवायची नाही, असा नेम आहे. या घरच्या बाईने ती उचलायची आणि पुढल्या घरच्या बाईच्या हातात द्यायची. पेटी जड. ती देता-घेताना दोघींचे हात खाली एकमेकींत अडकतात, टाळू म्हटलं तरी टळत नाही. म्हणून दोन घरांत अबोला असेल तर सायबीण यायच्या आत तो मिटवायचा, ही वाडीची जुनी रीत. मिटला नाही, तर सायबीण त्या दारावरून पुढे जाते. माझ्या आठवणीत तसं कधी झालं नव्हतं. आमच्या घरानंतर मादीनचं घर होतं.

लादाईन म्हणवणारे म्हातारे मास्तर आठ दिवस आधी आमच्याकडे आले. त्यांनी मला नाना परीने समजावलं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं की माझा हात त्या बाईच्या हाताला लागणार नाही. मास्तर आईकडे वळले, की घर तुमचं, तुम्ही बोला. आई टाका घालत राहिली. मास्तरांनी वाट पाहिली, टोपी उचलली आणि ते निघाले. तिथून ते मादीनकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनीच नंतर वाडीत सांगितलं. ती फक्त बरं म्हणाली होती.

तो दिवस आला. भातं कापून झाली होती, वाटेवर पेंढ्याचा वास होता. पेटी आईने उचलायची होती, पण ती मागे सरली, म्हणून मी पुढे होऊन पेटी घेतली. अंगणातून निघालो, गाणं सुरू झालं, आणि वळण घेतल्यावर मला मादीनचं घर दिसलं. सायबीण येणार नाही हे तिला सांगून आठ दिवस झाले होते. तरी तिने अंगण सारवलं होतं. ओटीवरच्या टेबलावर पांढरीशुभ्र चादर, दोन मेणबत्त्या, अबोलीचे वळेसर, आणि मध्ये पेटीपुरती मोकळी जागा. ती पायरीवर उभी होती. आम्ही जवळ आलो तशी ती गुडघ्यांवर बसली आणि तिने क्रुसाची खूण केली. माझ्यामागचं गाणं विरळ होत गेलं. एकट्या मास्तरांचा आवाज उरला. मी मान ताठ ठेवून तिच्या दारावरून पुढे गेले. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, अगदी पोटातून बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्या सोडायला परसात गेले, तर गडग्यावर एक वाडगा ठेवलेला. वर केळीचं पान झाकलेलं. आत उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे घातलेले. म्हणजे तिने वाडीभर पुरतील इतके चणे भिजत घातले होते, आणि आता ते घरोघर वाटत होती. आमच्याही घरी. मला तो वाडगा म्हणजे टोमणा वाटला. मी पान काढून फेकलं आणि चणे कोंबड्यांपुढे ओतायला वाकले, तेवढ्यात मागून आईने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तिणां नाय सांगूक," आई म्हणाली. "मियां सांगलंय."

मी वाडगा हातात धरून उभी राहिले. आई तिथेच धुण्याच्या दगडावर बसली आणि नऊ महिने तोंडातून न निघालेलं सगळं एका दमात बोलून मोकळी झाली. शुक्रवारी लेस घेऊन झाल्यावर तीच मुलाच्या घरी गेली होती. मादीन लेसची पुडी धरून बाहेर ओटीवर बसली, आणि आईने आत स्वयंपाकघरात मुलाच्या आईला सगळं सांगितलं. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, गोळी चुकू द्यायची नाही, हेही सांगितलं. त्या बाईने तिचा हात हातात घेतला, चहा पाजला, देवाच्या मनात असेल तसं होईल म्हणाली. आई हलक्या मनाने परतली. देवभोळी माणसं आहेत, समजून घेतील, अशी तिची खात्री होती. चार दिवसांनी काका आले.

मी विचारलं, शपथ घेतली होतीस ना? का सांगितलंस?

"तुका चुलीकडे फिट इली असती तर?" आई म्हणाली. "तेंका म्हायतच नसतलां काय करूचां तां. माका झोप येय नाय होती गो."

ते मी समजू शकत होते. त्या क्षणी नाही, पण आज ना उद्या समजू शकले असते. पुढचं मात्र मी आजही समजू शकत नाही. त्या मंगळवारी मादीनने आईचा चेहरा गडग्याच्या फटीत पाहिला, आणि एका क्षणात ते ओझं आपल्या डोक्यावर घेतलं. पुढल्या रविवारी आईने चर्चच्या आवारात तिला गाठलं, की मी घरी जाऊन खरं सांगते. मादीनने तिला अडवलं. आईने मला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"चेडवाक आवस व्हयी. मादीन नसली तरी चलता."

पोरीला आई हवीच, मादीन नसली तरी चालतं, असं. आणि आईने ते ऐकलं. ती नऊ महिने गप्प राहिली. उद्या सांगू, परवा सांगू. मी काट्यांनी वाट बंद केली ते तिने पाहिलं. मी मादीनला वांझ म्हणाले तेव्हा ती फटीत उभी होती. माझ्या गोळ्या मादीनच सावंतवाडीहून आणून चर्चच्या दारात हळूच तिच्या हातात देत होती, आणि आई त्या घेऊन येत होती. काल मी सायबीण घेऊन त्या दारावरून पुढे गेले, तेव्हा आई माझ्या दोन पावलं मागे होती. मी म्हटलं, काल तरी बोलायचं होतंस. ती पदरात तोंड घालून रडायला लागली, आणि मला तिची जराही दया आली नाही. मादीनने मला दगा दिला असं धरून मी नऊ महिने जगले होते, पण ते दुःख निदान गडग्यापलीकडचं होतं. हे माझ्या घरातलं होतं. माझ्याशेजारी बसून तेर्स म्हणणारं, मला जेवायला वाढणारं. मला वाटलं, आता या जगात कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा?

कृपा म्हणजे काहीतरी मऊ, गोड असेल अशी माझी समजूत होती. त्या सकाळी ती माझ्यासमोर चण्यांचा वाडगा होऊन उभी होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मागितली नव्हती, कमावली नव्हती, उलट तिच्या तोंडावर थुंकले होते, तरी ती नऊ महिने माझ्या घरात गोळ्या होऊन येत होती.

चणे मी आमच्या भांड्यात काढले. गडग्यातले काटे उपसताना हात ओरबाडून निघाले. रिकामं भांडं परत देऊ नये हे ठाऊक होतं, पण घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मादीन मागच्या पडवीत त्या पांढऱ्या चादरीवर सांडलेलं मेण नखाने काढत बसली होती. तिच्या मागे भिंतीशी नारळ रचलेले होते, नेहमीसारखे. तिने एकही विकला नव्हता.

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते एवढंच, की आईने सांगितलं.

मादीनचं नख थांबलं. "रडता काय ती?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"सकाळपासून काय खाल्ल्यान?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं होतं की ती मला जवळ घेईल, नाहीतर दोन शब्द सुनावेल. काहीही चाललं असतं. तिने माझ्या हातातून वाडगा घेतला, माझे ओरबाडलेले हात उलटेपालटे करून पाहिले, आणि म्हणाली की आधी घरी जा, तिला जेवायला घाल, मग ये. माझा राग पुन्हा उसळला. मी म्हटलं,

"मियां तिका माफ करूचंय नाय."

"माफ कर म्हणान कोण सांगता?" मादीन म्हणाली. "जेवक घाल म्हणतंय."

मी परत आले. आई दगडावरच बसली होती. मी तिला दंडाला धरून उठवलं, स्वयंपाकघरात आणलं, पाटावर बसवलं. पेज गरम केली. ताटलीत मादीनचे चणे वाढले आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. तिचा हात पुढे येईना. मी दरडावून म्हटलं, जेव. तिने एक चणा उचलून तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली. मी तिला माफ केलं नव्हतं. ते पुढे कितीतरी वर्षं झालं नाही, आणि झालं तेव्हाही पुरतं झालं का, मला सांगता येत नाही. तिची पेज संपली तशी मी विचारलं की आणखी वाढू का. तिने वाटी पुढे केली, आणि मी पेज वाढली.